डोंगरावरची वेल, कपाटातली फांदी: नवी वनस्पती सापडते तेव्हा नेमकं काय होतं?

पावसाळा सरता सरता एखादी तरी बातमी येतेच: सह्याद्रीत वनस्पतीची नवी जात सापडली. मध्यंतरी विशाळगडावर मिळालेल्या एका कंदीलपुष्पाला शिवाजी महाराजांच्या नावावरून ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ हे नाव मिळालं, तेव्हा ती बातमी गावोगावच्या ग्रुपांवर फिरली. तिच्याखाली ठरलेला प्रश्नही आलाच. ही वेल काय काल उगवली? गडाच्या उतारावर गुरं चारणाऱ्याला ती कधी दिसलीच नसेल?

दिसली असणारच. कंदीलपुष्पाच्या गटातल्या बऱ्याच वेलींना जमिनीखाली कंद असतो आणि गुराखी पोरं तो उकरून खातात, हे रानात हिंडणाऱ्यांना नवीन नाही. मग शास्त्रज्ञांनी केलं काय? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर बातमीच्या चार ओळींत मावणारं नाही. ते द्यायचं तर विशाळगडावरून उतरून कोचीन, ॲम्स्टरडॅम, बोलिव्हिया असा मोठा फेरा मारावा लागतो.

शेत आहे, पण उताऱ्यावर नाही

एखादं शेत पिढ्यान्‌पिढ्या कसलं जातं. बांध कुठला, विहीर कुणाची, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ असतं. पण सातबाऱ्यावर नोंद नसेल तर तलाठ्याच्या दप्तरी ते शेतच नाही. त्यावर कर्ज मिळत नाही, धरणात गेलं तर मोबदला मिळत नाही, वाद झाला तर दाखवायला कागद नसतो. वनस्पतीची ‘नवी जात’ जाहीर होते तेव्हा जवळपास हेच घडतं. जमीन जुनीच असते, उतारा नवा निघतो.

हा उतारा साऱ्या जगासाठी एकच आहे. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1753 साली तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या वनस्पतींची यादी छापली आणि प्रत्येकीला दोन शब्दांचं नाव दिलं. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटाचा. दुसरा त्या विशिष्ट जातीचा. वनस्पतींच्या नावांचा अधिकृत हिशेब 1 मे 1753 या तारखेपासून धरला जातो. त्याआधीचं कुठलंही नाव, ते कितीही जुनं असो, या दप्तरात चालत नाही.

हे ऐकायला उर्मट वाटतं, आणि थोडं आहेही. पण अशा एका दप्तराची गरज का पडते ते आपल्याकडच्या ब्राह्मीवरून कळतं. पाणथळ जागी वाढणारी, बारीक मांसल पानांची बाकोपा ही ब्राह्मी, आणि गोल पानांची मंडूकपर्णी हीसुद्धा कुठेकुठे ब्राह्मीच. दोन्ही औषधात वापरतात, पण या वेगळ्या वनस्पती आहेत आणि त्यांतली रसायनंही वेगळी. शंखपुष्पीचा घोळ तर याहून मोठा. तीन-चार निरनिराळ्या वनस्पती त्या नावाने विकल्या जातात. ‘ब्राह्मीचा अमुक परिणाम दिसला’ असं कुणी लिहिलं तर पहिला प्रश्न हाच, की कुठली ब्राह्मी?

सगळा डोलारा एका वाळलेल्या फांदीवर

आता ही नोंद होते कशी ते पाहू. यात थरार फार कमी आणि कारकुनी फार जास्त आहे, आणि मला विचाराल तर या विषयातली खरी गंमत त्या कारकुनीतच आहे.

डोंगरावर एखादं रोप ओळखीचं वाटत नाही. फुलं असलेली एखादी फांदी खुडायची, लहान रोप असेल तर मुळासकट घ्यायचं, वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायचं आणि दोन चौकटींमध्ये आवळून दाबायचं. ओल टिपून घेणारा कागद रोज बदलायचा. सह्याद्रीत बहुतेक फुलं ऐन पावसाळ्यात येतात, त्यामुळे नमुना बुरशी न लागता वाळवणं हेच अर्ध्याहून जास्त काम. वाळलेली फांदी जाड कागदावर चिकटवायची आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: कुठे मिळाली, कधी, किती उंचीवर, कुणी गोळा केली, संग्राहकाचा क्रमांक कितवा, फुलाचा रंग कोणता. रंगाची नोंद हवीच, कारण वाळल्यावर तो उडून जातो.

असे कागद जिथे वर्गवारीने कपाटांत ठेवलेले असतात त्याला हर्बेरियम म्हणतात. लंडनजवळच्या क्यू उद्यानात असे सुमारे 70 लाख नमुने आहेत. हावड्याला शिबपूरच्या केंद्रीय संग्रहात 20 लाखांच्या आसपास. आपल्याजवळ पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं आणि आघारकर संशोधन संस्थेचं, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं.

फांदी वाळली म्हणजे काम सुरू झालं इतकंच. फूल पाण्यात भिजवून, सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून त्याची मापं घ्यायची. त्या गटातल्या ज्या ज्या जातींवर नोंदी आहेत त्या सगळ्या वाचायच्या, त्यांचे नमुने काढून ताडून पाहायचे. बऱ्याचदा अपेक्षाभंग होतो. ‘नवी’ वाटलेली वेल दीडशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रज डॉक्टरने नोंदवून ठेवलेली निघते. तसं नसेल तर वर्णन आणि चित्रं शास्त्रीय नियतकालिकात छापायची आणि एक विशिष्ट नमुना जाहीर करायचा: हे नाव या कागदावरच्या या फांदीचं. तो टाइप नमुना. पुढे शंभर वर्षांनी नावावरून वाद झाला तर पुस्तक बाजूला राहतं आणि ती फांदी काढून बघतात. मोजणीवाल्याने रोवलेला दगडच तो. बाकी सगळी मापं तिथून धरायची.

2011 सरेपर्यंत वनस्पतीचं हे वर्णन लॅटिनमध्ये देण्याची सक्ती होती. 2012 पासून इंग्रजीही चालते. म्हणजे आपल्याच डोंगरातल्या रोपाचं वर्णन करायला आपल्या संशोधकांना परवापरवापर्यंत मेलेल्या भाषेत चार ओळी जुळवाव्या लागत होत्या.

कंदीलपुष्पाचा उतारा मागे मागे नेला तर

विशाळगडच्या वेलीच्या नावातला दुसरा शब्द महाराजांचा. पहिला, ‘सेरोपेजिया’, लिनियसचा. 1753 च्या यादीत तो आहे. पण लिनियस कधी भारतात आला नव्हता. मग त्याला कंदीलपुष्प कुठे भेटलं?

एका चित्रात. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधला मुख्य अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने ‘हॉर्टुस मलबारिकस’ नावाचा ग्रंथ करवून घेतला होता. 1678 ते 1693 या काळात तो ॲम्स्टरडॅमला 12 खंडांत छापला गेला. केरळच्या सुमारे साडेसातशे वनस्पती, पानभर मोठी चित्रं. त्याच्या नवव्या खंडात एका कंदीलपुष्पाचं चित्र आहे आणि लिनियसने ‘सेरोपेजिया कॅन्डेलाब्रम’ हे नाव दिलं ते त्या चित्रावरून. वाळलेला नमुना त्याच्यापुढे नव्हता, म्हणून या नावाचा आधार आजही ते चित्रच मानलं जातं.

पण रेडे वनस्पतीतज्ज्ञ नव्हता, लष्करी माणूस होता. त्याला झाडांची माहिती कुणी दिली? इथे या इतिहासातलं माझं सर्वांत आवडतं पान येतं. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला काही साक्षपत्रं छापलेली आहेत. एक इट्टी अच्युतन या एळवा समाजातल्या वैद्याचं. त्याने आपल्या घराण्याची जुनी औषधी-पुस्तकं उघडून माहिती सांगितली. दुसरं रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांचं. गोव्यातल्या पोर्तुगीज जाचामुळे कोचीनला जाऊन वसलेल्या समाजातले हे लोक. 1675 सालचं त्यांचं पत्र कोकणीत आहे आणि नागरी अक्षरांत छापलेलं आहे. निघंटु, म्हणजे औषधी वनस्पतींचे जुने कोश, बघून वनस्पतींची नावं आणि गुण आपण सांगितले, असा त्याचा आशय. ग्रंथातल्या चित्रांवरही नावं एकाहून अधिक लिप्यांत कोरली आहेत, त्यांत नागरीही आहे.

सतराव्या शतकातल्या युरोपी ग्रंथात स्थानिक जाणकारांची नावं, त्यांच्या हस्ताक्षरासकट, इतक्या स्वच्छपणे यावीत हे फार दुर्मीळ. लिनियसच्या यादीत पोचेपर्यंत मात्र ती गळाली. शास्त्रीय नावापुढे ‘एल.’ हे लिनियसचं एक अक्षर उरलं, आणि ‘हॉर्टुस मलबारिकस’ लॅटिनमध्ये असल्यामुळे खुद्द केरळच्या वाचकांनाही तो बंदच राहिला. के. एस. मणिलाल या वनस्पतीशास्त्रज्ञांनी आयुष्याचा मोठा भाग घालवून त्याचं इंग्रजी भाषांतर केलं ते 2003 मध्ये आलं, मल्याळम 2008 मध्ये.

याही आधीचा एक दुवा गोव्यात आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर गोव्यात राहत होता आणि मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. 1563 मध्ये गोव्यातच त्याने भारतीय औषधींवरचं पुस्तक छापलं, तेही संवादरूपात. इथल्या वैद्यांकडून आणि हकिमांकडून आपण काय शिकलो हे तो त्यात मोकळेपणाने सांगतो. मूळचं घराणं ज्यू. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, बहिणीला जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

मोहिमा निघाल्या त्या फुलांच्या प्रेमाने?

काही जण खरोखर वेडे होते, त्यात शंका नाही. पण जहाजं आणि पगार कुणी प्रेमाने देत नाही. मिरी, दालचिनी, चहा, रबर, औषधी साली: वनस्पती म्हणजे त्या काळातलं तेल होतं, आणि कुठलं रोप कुठे उगवतं आणि दुसरीकडे रुजेल का, ही माहिती म्हणजे सत्ता. 1848 नंतर रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या मळ्यांसाठी पळवली, ती नथॅनिएल वॉर्डने शोधलेल्या बंद काचपेट्यांतून. पेटीतला ओलावा आतल्या आत फिरत राहतो, त्यामुळे रोपं महिनोन्‌महिने समुद्रावर तग धरतात. एवढ्या साध्या पेटीने जगातल्या मळ्यांचा नकाशा बदलला.

सिंकोनाची गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी. मलेरियावरचं क्विनाइन या झाडाच्या सालीतून मिळतं आणि झाडं होती ती दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. तिथल्या देशांनी बिया बाहेर न्यायला बंदी घातली होती. ब्रिटिशांनी 1860 च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कमला पाठवून बिया-रोपं आणवली आणि निलगिरीत लावली, पण त्या जातींत क्विनाइन फार नव्हतं. तिकडे चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याकडे मान्युएल इंक्रा मामानी नावाचा आयमारा आदिवासी माणूस कामाला होता. कुठल्या झाडाची साल सर्वांत कडक, हे त्याला ठाऊक होतं. ती झाडं नुसत्या नजरेने वेगळी काढणं बाहेरच्या माणसाला जमणारं नव्हतं. 1865 मध्ये त्याने बोलिव्हियातून निवडक बिया आणून दिल्या. लंडनने त्या घेण्यात रस दाखवला नाही. डचांनी थोड्या घेतल्या आणि जावात पेरल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं बहुतांश क्विनाइन जावातून येऊ लागलं. 1942 मध्ये जपानने जावा घेतलं तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या फौजांना मलेरियावरच्या औषधाची चणचण भासली ती याच एका बियाण्यामुळे.

त्या झाडाला ‘सिंकोना लेजरियाना’ नाव मिळालं. मामानी पुन्हा बिया आणायला गेला तेव्हा 1871 मध्ये बोलिव्हियात पकडला गेला. तुरुंगात त्याला मारहाण झाली आणि त्यात तो गेला.

असंच पुसलं गेलेलं एक नाव आपल्या दारात फुलतं. कंपाउंडवर चढवलेली बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची, आणि तिचं नाव फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याचं. त्याच्या जगप्रदक्षिणेवर फिलिबेर कॉमर्सन हा वनस्पतीतज्ज्ञ होता, आणि त्याचा नोकर म्हणून जहाजावर आलेला ‘पुरुष’ खरं तर झान बारे नावाची बाई होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी, म्हणून वेषांतर. 1767 मध्ये रिओ द जानेरोला बोगनवेलीचे नमुने गोळा झाले तेव्हा कॉमर्सन पायाच्या दुखण्याने बेजार होता, त्यामुळे डोंगर चढून ते तिनेच आणले असावेत असं मानतात. जगप्रदक्षिणा पूर्ण केलेली ती पहिली ज्ञात स्त्री. तिच्या नावाची वनस्पती मात्र 2012 मध्ये आली, ‘सोलानम बारेटिई’. म्हणजे आपल्या वांग्या-बटाट्याची सोयरी.

‘मग साहेबांची नावं काढून का टाकत नाही?’

हा आक्षेप आता सगळीकडे ऐकू येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्नरजवळच्या डोंगरात निकोल डाल्झेल या स्कॉटिश अधिकाऱ्याला कड्यावर वाढणारी एक मांसल वनस्पती मिळाली. पावसात पानं, उन्हाळ्यात नुसत्या काड्या, तपकिरी-लाल फुलांवर पिवळे ठिपके. आपल्याकडे ती शिंदळ माकुडी. डाल्झेलने 1860 च्या दशकात तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्या नावाने. फ्रेअरने ती कधी पाहिली होती की नाही, याला काही महत्त्व नव्हतं. वरिष्ठाला खूश करायची ती एक रीत होती.

नावं बदलण्याविरुद्धचा युक्तिवाद सरळ आहे. जुने शोधनिबंध, औषधांच्या नोंदी, कायद्यातल्या संरक्षित वनस्पतींच्या याद्या, सगळं त्या नावावर टांगलेलं असतं. म्हणून नियम असा की आधी नीट छापलेलं नाव टिकतं, मग ते कुणाचंही असो. तरी भिंतीला तडा गेलाच. 2024 मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र परिषदेत मतदान झालं आणि दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणून वापरल्या गेलेल्या ‘कॅफ्रा’ या शब्दाची दोनशेहून अधिक नावं ‘ॲफ्रा’ करायचं ठरलं. माझ्या मते हे योग्य झालं. पण प्रत्येक गव्हर्नराचं नाव खरवडायला निघालो तर ब्राह्मीचा घोळ जगभर होईल. नवीन नावं देताना शहाणपण दाखवणं जास्त सोपं, आणि ते विशाळगडच्या वेलीत दिसतं.

गंमत म्हणजे नावं न बदलण्याची शपथ घेतलेले हे लोक दुसऱ्या कारणाने ती सारखी बदलत असतात. शिंदळ माकुडी ही माकडशिंगाच्या जवळची आहे असं ठरल्यावर तिला ‘कॅरालुमा’ या प्रजातीत हलवलं. तिथे ‘इंडिका’ हे नाव दुसऱ्या जातीकडे होतं, म्हणून ती ‘फ्रेरी’ झाली. नंतर तिथूनही निघून ती ‘बाउसेरोसिया’त गेली. हे सगळे फेरफार एकाच उताऱ्यावर, मागचा खोडून न टाकता.

सर्वांत खटकलेला फेरफार बाभळीचा. ‘अकेशिया’ या प्रजातीचा टाइप, म्हणजे जिच्यावरून ते नाव ठरतं ती जात, आपली बाभूळ होती. पुढे कळलं की हा गट एक नसून अनेक आहेत, आणि त्यातल्या एकट्या ऑस्ट्रेलियाच्या गटात हजाराच्या आसपास जाती आहेत. तेवढी नावं बदलण्यापेक्षा टाइपच बदलू या, असा प्रस्ताव आला. 2005 मध्ये व्हिएन्नात तो मंजूर झाला, 2011 मध्ये मेलबर्नला कायम झाला. अकेशिया ऑस्ट्रेलियाला गेलं, बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली, खैर ‘सेनेगालिया’. आफ्रिकेतले आणि भारतातले अनेक वनस्पतीतज्ज्ञ अजून त्यावर चिडून आहेत. बाभळीच्या काट्याला मात्र फरक पडला नाही.

‘हल्ली फोटो निघतो, मग रोप तोडायचं कशाला?’

दुर्मीळ वनस्पतीचे अभ्यासकच ती तोडतात, हे विचित्र दिसतं. फोटोने बरंच काम होतं, पण फुलाच्या आतल्या भागांची मापं, परागकणांची रचना, पानाच्या पाठीवरची लव हे सगळं एका फोटोत येत नाही, आणि कुठला तपशील पन्नास वर्षांनी महत्त्वाचा ठरेल हे आज सांगता येत नाही. डाल्झेलच्या काळात डीएनए हा शब्दही नव्हता. तेव्हाच्या वाळलेल्या पानांतून आज डीएनए काढता येतो. शिवाय जुन्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा जोडल्या की एखादं झाड आता आधीपेक्षा लवकर फुलतं का, हेही पाहता येतं.

तरी मोजकीच रोपं दिसत असतील तर जबाबदार संशोधक कंद जागेवर ठेवतो आणि फुलाची एखादी फांदी घेतो. पूर्वी असा विधिनिषेध नव्हता. एकोणिसाव्या शतकात ऑर्किडच्या व्यापाऱ्यांनी डोंगरच्या डोंगर ओरबाडले, मागे दुसऱ्याला काही राहू नये म्हणून. तोडणारे हात आजही आहेत, आणि म्हणूनच हल्ली बऱ्याच शोधनिबंधांत दुर्मीळ जातीचं नेमकं ठिकाण मुद्दाम मोघम ठेवतात.

उतारा निघाला, पीक कुणाच्या घरात?

नोंद झाल्याने वनस्पतीचं भलं होतंच असं नाही. नरक्याचं उदाहरण आपल्याच जंगलातलं. 1839 मध्ये मुंबईच्या वनस्पतींच्या यादीत जॉन ग्रॅहमने हे झुडूप नोंदवलं. 1966 मध्ये अमेरिकेत मन्सुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी रसायन वेगळं केलं, आणि 1972 मध्ये तेच नरक्यात असल्याचं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. नोंद पक्की, नाव पक्कं, त्यामुळे काय तोडायचं हेही पक्कं झालं. सह्याद्रीतली नरक्याची झाडं मुळापासून उखडून ट्रकने गेली. रानात राबणाऱ्याला मजुरी मिळाली ती किलोवर.

याच्या उलट गोष्ट केरळच्या अगस्त्य डोंगरातली. 1987 मध्ये संशोधकांसोबत वाट दाखवायला गेलेले काणी आदिवासी दिवसभर चढूनही थकत नव्हते, कारण ते एका रोपाची फळं खात होते. त्यातून ‘जीवनी’ हे औषध तयार झालं आणि परवान्याच्या पैशातला अर्धा वाटा काणी समाजाला द्यायचं ठरलं. व्यवहारात अडचणी पुष्कळ आल्या, पण माहिती देणाऱ्याचा वाटा कागदावर आला हे मोठंच.

1992 च्या जैवविविधता करारापासून वनस्पतींवर त्या त्या देशाचा हक्क मानला जातो. आपला जैवविविधता कायदा 2002 चा. परदेशी संशोधकाला आता परवानगीशिवाय नमुने नेता येत नाहीत. फॉर्च्यूनसारखी पेटी भरून नेणं आज सरळ बेकायदा ठरेल. काही शास्त्रज्ञ कुरकुरतात की या कागदपत्रांनी साधा अभ्यासही अडतो. त्यात तथ्य आहे. पण मामानीचं काय झालं हे वाचल्यावर कायदाच नको असं म्हणवत नाही.

याच कायद्याने एक वेगळं दप्तरही दिलं आहे: लोकजैवविविधता नोंदवही. माधव गाडगीळ यांनी पुढे आणलेली ही कल्पना. गावच्या हद्दीत कुठल्या वनस्पती आहेत, त्यांना गावात काय म्हणतात, कशासाठी वापरतात, हे गावकऱ्यांनीच नोंदवायचं. अनेक ठिकाणी ती ठेकेदाराने भरून फडताळात टाकली, हे खेदाने म्हणावं लागतं. रंगभट आणि इट्टी अच्युतन यांच्या साक्षपत्राच्या खरं तर सर्वांत जवळ जाणारं सरकारी कागदपत्र तेच आहे.

अजून किती उरलंय?

जगात फुलं आणि बिया येणाऱ्या, तसेच नेच्यासारख्या मिळून साडेतीन लाखांच्या आसपास वनस्पती नोंदवलेल्या आहेत आणि दर वर्षी दोनेक हजार नव्या जातींची भर पडते. त्यांतल्या सगळ्या दुर्गम कड्यांवरून येतात असं समजू नका. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की गोळा केल्यापासून पाच वर्षांत नोंदल्या जाणाऱ्या नव्या जाती जेमतेम 16 टक्के. जवळपास पाव जातींच्या बाबतीत नमुना गोळा होऊन पन्नासहून जास्त वर्षं लोटलेली होती. नोंद व्हायची राहिलेल्या फुलझाडांपैकी निम्म्याहून अधिक कुठल्या ना कुठल्या हर्बेरियमच्या कपाटात आधीच पोचलेली आहेत, असा त्या अभ्यासकांचा अंदाज. फांदी आहे, चिठ्ठी आहे, फक्त तो गट ओळखणाऱ्या माणसाने ते कपाट उघडलेलं नाही. अशी माणसं कमी होत चालली आहेत. वर्गीकरणाला निधी मिळत नाही, आणि आयुष्यभर गवतं किंवा कंदीलपुष्पं बघत बसायला तयार असलेल्या विद्यार्थ्याला नोकरी कोण देणार, हा प्रश्न प्रत्येक विद्यापीठात आहे.

तुम्हालाच अनोळखी काही दिसलं तर

उपटू नका. फुलाचा समोरून आणि बाजूने, पानाचा दोन्ही बाजूंनी, पान खोडाला जुळतं तिथला, आणि आजूबाजूच्या जागेचा असे फोटो घ्या. शेजारी मापासाठी एखादं नाणं ठेवा. तारीख आणि जागा लिहून ठेवा, पण दुर्मीळ वाटत असेल तर जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांना किंवा वर सांगितलेल्या एखाद्या हर्बेरियमला दाखवा. गावात त्याला काय म्हणतात आणि ते कशासाठी वापरतात, हे सांगणाऱ्याच्या नावासकट सोबत लिहून द्या. बहुतेक वेळा ते आधीच नोंदलेलं निघेल. पण त्या तालुक्यातली ती पहिली नोंद असू शकते, आणि संवर्धनाच्या याद्या करणाऱ्यांना नव्या जातीइतकीच तिचीही गरज असते.